निळी ज्योत, पिवळी ज्योत

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्याकडे ज्वारीची भाकरी तव्यावर अर्धीच होते. थापून तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, की तवा बाजूला सारायचा आणि भाकरी थेट आचेवर धरायची. त्या काही क्षणांत आतली वाफ पापुद्रा उचलते आणि भाकरी टम्म फुगते. चुलीवर हे काम निखाऱ्यांचं होतं, आता ते शेगडीच्या ज्योतीचं आहे. त्यामुळे ज्योत बिघडली की इथे ते सगळ्यात आधी भाकरीवर दिसतं. पांढऱ्या पापुद्र्यावर काळे डाग पडतात. मग तव्याचं बूड काळं होतं, पातेल्यांना काजळी चढते, आणि घरात कुणीतरी म्हणतंच, "या खेपेला गॅसच खराब आलाय."

टाकीतला गॅस बहुतेक वेळा चांगलाच असतो. चुकलेलं असतं ते हवेचं गणित. पिवळी ज्योत, बर्नरमधला फट्‌ आवाज, यांतली कुठलीही तक्रार घ्या. मूळ शोधत गेलं की गॅसला हवा कुठे, किती आणि कशी भेटली या प्रश्नापाशीच आपण येतो. मला याचं अजूनही नवल वाटतं, कारण या प्रश्नाचं उत्तर मिळवायला कुठलंही यंत्र लागत नाही. ज्योतीकडे नीट पाहिलं की पुरतं.

आपल्या टाकीत ब्युटेन आणि प्रोपेन या दोन वायूंचं मिश्रण असतं, दाबाखाली द्रव करून भरलेलं. एक लिटर ब्युटेन वायू पूर्ण जळायला सुमारे ३१ लिटर हवा लागते, प्रोपेनला सुमारे २४. म्हणजे बर्नरवर जे जळतं त्यात गॅस चिमूटभर आणि बाकी हवाच हवा. एवढी हवा आणून देतं कोण? शेगडीला पंखा नसतो, मोटार नसते. नॉबच्या मागे पितळेचा एक छोटा जेट असतो, त्याला मिलिमीटरहूनही बारीक भोक. त्या भोकातून गॅस इतक्या जोरात सुटतो की आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढत पुढच्या नळीत शिरतो. नळीत दोघे मिसळतात आणि मिश्रण बर्नरच्या छिद्रांतून वर येतं. लागणारी हवा काही अशी आधीच मिसळते, उरलेली ज्योत बाहेरून घेते.

ही युक्ती रॉबर्ट बुन्सेन यांची. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात १८५५च्या सुमारास त्यांना प्रयोगशाळेसाठी स्वच्छ, गरम आणि जवळपास अदृश्य ज्योत हवी होती. पेटर देसागा या कुशल कारागिराने ती त्यांना घडवून दिली: तळाशी हवेची भोकं असलेली एक उभी नळी. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण सगळ्यांनी पाहिलेला तो बुन्सेन बर्नर. लोहाऱ्यातल्या ओट्यावरची शेगडी म्हणजे तीच नळी, आडवी करून, वर छिद्रांची पितळी टोपी बसवलेली.

आता रंग. पुरेशी हवा मिळाली की गॅसचे रेणू तुटतात, आणि क्षणभर असे तुकडे तयार होतात जे एरवी निसर्गात मोकळे सापडणं कठीण: एक कार्बन आणि एक हायड्रोजन यांची जोडी, किंवा दोनच कार्बन अणूंची जोडी. हे तुकडे निळा आणि हिरवट प्रकाश देतात. ज्योतीच्या आतला तो तीक्ष्ण निळा-हिरवा शंकू म्हणजे त्यांचाच उजेड. विल्यम हगिन्स या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८६८ साली एका धूमकेतूच्या प्रकाशाचं पृथक्करण केलं, तेव्हा त्याला कार्बनच्याच रंगांच्या पट्ट्या दिसल्या. २०२३च्या जानेवारीत जो हिरवा धूमकेतू आपल्याकडून दिसला, त्याचा हिरवेपणाही कार्बनच्या या जोड्यांचाच. सकाळी चहा ठेवताना बर्नरवर जो रंग दिसतो, तो आकाशातून जाणाऱ्या धूमकेतूच्या डोक्यात असतो हे एकदा कळलं की शेगडीकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही.

हवा कमी पडली की चित्र पालटतं. गॅसमधला सगळा कार्बन जळून जात नाही. त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात, ते ज्योतीत तापून लालपिवळे चमकतात. पिवळी ज्योत म्हणजे तापलेल्या काजळीचा उजेड. दिव्याची, मेणबत्तीची ज्योत याचसाठी पिवळी. मायकल फॅरडे यांनी १८६०च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीवर जी व्याख्यानं दिली, त्यांत ही गोष्ट त्यांनी दाखवून दिली: ज्या उजेडाचं आपण कौतुक करतो तो न जळलेल्या कार्बनचा असतो. दिव्यात तो आपल्याला हवाच असतो. शेगडीवर मात्र तोच कार्बन थंड तव्याला टेकला की काजळी होऊन बसतो, आणि तेवढी उष्णता आपल्या पैशांनी वाया जाते.

मग हवा अडते कुठे? पहिली जागा बर्नरची छिद्रं. दूध उतू गेलं, वरणाचा फेस आला, तो आत जाऊन वाळला की छिद्रं बुजतात. थंड झालेला बर्नर काढून गरम पाण्यात साबण घालून भिजवावा, जुन्या दात घासायच्या ब्रशने घासावा, आणि पूर्ण कोरडा करूनच परत बसवावा. ओला बर्नर पेटत नाही, पेटला तर थडथडतो. छिद्रांत काडी किंवा बारीक तार फिरवावी, पण खिळा कधीच नाही. त्याचं कारण पुढे येतं. दुसरी जागा पातेलं. जाळीवर खूप मोठं, बूड खाली आलेलं पातेलं ठेवलं की बाहेरून येणारी हवा कोंडते आणि निळी ज्योत कडेकडेने पिवळी होऊ लागते.

तिसरी जागा कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मला ती सगळ्यात विलक्षण वाटते. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली माणसं महिनोन्‌महिने घर बंद ठेवतात. तेवढ्यात शेगडीच्या खालच्या नळीत कोळी जाळं विणतो, नाहीतर कुंभारीण माशी मातीचं घरटं घालते. तिला हवं असलेलं बारीक, अंधारं भोक आयतंच मिळतं. परतल्यावर शेगडी पेटते, पण ज्योत लांब, मऊ आणि पिवळी. बर्नर चकचकीत घासला तरी फरक पडत नाही, कारण बिघाड वर नसून मागे, हवा शिरते तिथे असतो. रेग्युलेटर बंद करून शेगडी उलटी करावी आणि जेटसमोरचा तो उघडा भाग बॅटरीच्या उजेडात पाहावा. बाटल्या धुवायच्या बारीक ब्रशने नळी साफ होते.

चूल पेटवणाऱ्या बाईला हे सगळं आधीपासून ठाऊक आहे, फक्त वेगळ्या वस्तूंमधून. तुराट्या गच्च भरल्या की चूल धुमसते. दोन काढून घेतल्या, गोवरी जरा वर उचलली, फुंकणीने तळाशी फुंकलं, की भडका. फुंकणी हवा आणून देते, जेटही हवाच आणून देतो.

आता एक असा बिघाड जो बिघाड नाही. कधी ज्योत निळीच असते, पण तिच्यात नारिंगी ठिणग्या, नारिंगी फटकारे उठतात. भाजीचं पाणी सांडलं, ओटा पुसताना पाण्याचे शिंतोडे उडाले, झाडलोटीची धूळ आली, की असं होतं. ही काजळी नव्हे. हे मीठ आहे, नेमकं सांगायचं तर मिठातलं सोडियम. सोडियमचे अणू तापले की एकाच ठराविक पिवळ्या-नारिंगी रंगाचा प्रकाश देतात. ओळखायची खूण सोपी आहे. काजळीचा पिवळेपणा ज्योतीच्या टोकाला ठाण मांडून असतो आणि भांडं काळं करतो. मिठाचा रंग उठतो, विझतो, परत उठतो, आणि भांड्याचं काही बिघडवत नाही. त्यासाठी कुणाला बोलवायची गरज नाही.

पण या नारिंगी फटकाऱ्याने विज्ञानाचा एक मोठा दरवाजा उघडला. बुन्सेन आणि त्यांचे सहकारी गुस्ताव किर्खहोफ यांनी १८६०च्या सुमारास याच निळ्या ज्योतीत निरनिराळे क्षार धरून त्यांचे रंग लोलकातून पाहिले. सोडियम किती थोडं असलं तरी दिसतं हे तपासायला त्यांनी खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात सोडियमच्या क्षाराचे तीन मिलिग्रॅम उडवून दिले. काही मिनिटांत दुसऱ्या टोकाची ज्योत पिवळी झाली. त्यांनी हिशेब केला: एका मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहूनही कमी सोडियम ज्योत ओळखते. ओटा पुसलेल्या फडक्याच्या शिंतोड्यात त्याच्या कितीतरी पट जास्त असतं.

आणि हा धागा आपल्या मुलखातून जातो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्गाच्या किनाऱ्यावरून शिरून विजापूरकडून गुंटूरला गेली. लोहाऱ्यापासून सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटरवर, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसले होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या लोलकातून फाकलेल्या प्रकाशात त्यांना एक नारिंगी-पिवळी रेघ दिसली आणि ती सोडियमचीच वाटली. ग्रहण पाहणाऱ्या इतरांनाही तसंच वाटलं. त्याच वर्षी इंग्लंडमधून नॉर्मन लॉकियर यांनी ती रेघ नीट मोजली, तेव्हा ती सोडियमच्या जागेपासून किंचित बाजूला निघाली. पृथ्वीवर तोवर कुणी न पाहिलेल्या मूलद्रव्याची, हेलियमची, ती खूण होती. विजयदुर्गावर दर वर्षी १८ ऑगस्टला हेलियमची आठवण जागवतात. शेगडीवरचा नारिंगी फटकारा आणि ती रेघ रंगात इतक्या जवळ आहेत की नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येणार नाही.

आता आवाजाकडे. आच बारीक करताना कधी बर्नरमधून फट्‌ असा बार होतो आणि ज्योत वरून नाहीशी होते. नीट ऐकलं तर आत, नळीमध्ये, घुरघुर ऐकू येते: गॅस आता जेटपाशी जळत असतो. असं झालं तर नॉब लगेच बंद करावा, बर्नर निवू द्यावा आणि मग पुन्हा पेटवावा.

हे समजायला ज्योत स्थिर असते ही समजूत सोडावी लागते. गॅस आणि हवेच्या मिश्रणात आग सतत खाली, गॅस जिथून येतो तिकडे धावत असते, सेकंदाला साधारण चाळीस सेंटिमीटर वेगाने. आणि मिश्रण तिला सतत वर ढकलत असतं. वाहत्या ओढ्यात मासा प्रवाहाविरुद्ध पोहत एकाच जागी दिसावा, तशी ज्योत छिद्राच्या तोंडाशी दिसते. आच फार बारीक केली की प्रवाह मंदावतो आणि आग छिद्रातून आत घुसू पाहते. छिद्र पुरेसं बारीक असेल तर तिला ते जमत नाही, कारण थंड धातू तिची उष्णता शोषून घेतो आणि ती तोंडाशीच विझते. दोन मिलिमीटरच्या आसपास ही मर्यादा आहे. छिद्रात खिळा का घालू नये ते आता कळेल: भोक रुंद झालं की आगीला आत जायला वाट मिळते. जेटच्या भोकाला तर सुईही लावू नये. जुन्या रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारायची सवय अनेक हातांत अजून आहे, म्हणून हे आवर्जून सांगावंसं वाटतं. जेट रुंद झाला की गॅस जास्त सुटतो, हवा त्याला पुरत नाही, आणि ज्योत कायमची पिवळी होते. बुजलेला जेट बदलणं हाच मार्ग.

याच्या उलटही घडतं. हवा फार झाली की ज्योत छिद्रांवरून सुटून वर तरंगते, सूं सूं करते आणि वाऱ्याच्या झुळकीने विझते. काही शेगड्यांना खाली हवेची झडप असते, ती थोडी मिटली की ज्योत परत बसते. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावं.

या भागातल्या घरांची खरी परीक्षा वेळ अमावस्येला होते. मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूर, धाराशिव, सोलापूरकडे शेतात साजरी होते. भज्जी, आंबील, उंडे, धपाटे, भाकरी हे सगळं घरी रांधून डोक्यावरून शेतात न्यायचं, म्हणून चुली आणि शेगड्या पहाटेआधीच पेटतात. कडाक्याची थंडी, सगळे बर्नर मोठ्या आचेवर, वर मोठाली पातेली, आणि टाकी संपत आलेली. ऐन वेळी आच खाली बसते. टाकी हलवली तर आत द्रव डुचमळतो. गॅस आहे, पण येत नाही.

कारण असं की टाकीत गॅस द्रव आहे आणि तो तिथे सतत उकळत असतो. ब्युटेन शून्याच्या अर्धा अंश खालीच उकळतो, प्रोपेन उणे ४२ अंशांवर. उकळायला उष्णता लागते, ती द्रव स्वतःच्या अंगातून आणि टाकीच्या पत्र्यातून घेतो. जेवढा गॅस जास्त ओढावा, तेवढी टाकी गार. पत्र्यावर दव जमतं, आणि ते नेमकं आतल्या द्रवाच्या पातळीपर्यंतच जमतं. टाकीत किती गॅस उरला हे अशा पहाटे बाहेरून दिसतं. एरवी ओल्या फडक्याने टाकी उभी पुसून पाहावी: वरचा भाग लवकर वाळतो, द्रवालगतचा ओला राहतो. शिवाय चपळ प्रोपेन आधी निघून जातो आणि टाकीच्या तळाशी सुस्त ब्युटेन जास्त उरतो. थंडी, भरपूर ओढ आणि ब्युटेन हे तिन्ही एकत्र आले की टाकीतला दाब उतरतो.

उपाय साधा आहे. एकेक बर्नर बंद करावा, टाकीला थोडी उसंत द्यावी, किंवा भरलेली टाकी जोडावी. टाकी आडवी करणं किंवा तिच्याखाली निखारे, गरम पाण्याचं घमेलं ठेवणं हे मात्र कधीही करू नये. आडव्या टाकीतून द्रव गॅसच रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि तो बाहेर येऊन वायू झाला की जवळपास अडीचशे पट पसरतो. भडका छतापर्यंत जातो.

लायटरबद्दल थोडक्यात. पॅरिसमध्ये प्येर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० साली शोधून काढलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज उत्पन्न होते. आपल्या लायटरमध्ये स्प्रिंगची हातोडी असाच स्फटिकासारखा एक तुकडा ठोकते आणि टोकाशी काही हजार व्होल्टची ठिणगी उडते. बॅटरी नाही, वर्षानुवर्षं चालतो. ठिणगी दिसेनाशी झाली तर बहुधा टोकाशी तेल आणि ओल साचलेली असते, कोरड्या फडक्याने पुसलं की काम होतं. लायटर फरशीवर पडून आतला तुकडा तडकला असेल तर तो संपला.

गॅसचा वास आला तर हे कुतूहल बाजूला ठेवावं. गॅसला स्वतःचा वास नसतो. तो नाकाला कळावा म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात, आणि आपलं नाक ते हवेच्या अब्जावधी भागांतल्या मोजक्या भागांनाही ओळखतं. गॅस हवेपेक्षा दीडदोन पट जड असतो, म्हणून तो ओट्याखाली, फरशीलगत, उंबऱ्याशी साचतो. नॉब आणि रेग्युलेटर बंद करावा, दारंखिडक्या उघडाव्यात, दिव्याच्या बटणाला हात लावू नये, चालू दिवा बंदही करू नये, आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. संशय नुसताच असेल तर नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावावं, गळतीच्या जागी बुडबुडे येतात. काडी ओढून गळती शोधणारी माणसं अजून आहेत, त्यांना थांबवावं. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी, ती वरून धडधाकट दिसत असली तरी.

लोहारा तालुक्यातल्या सास्तूर आणि आसपासच्या गावांत ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाने दगडमातीची माळवदाची घरं माणसांसकट गाडली. जी नवी घरं उभी राहिली ती सिमेंटची. त्यांच्या स्वयंपाकघरात हवेला एक खिडकीच असते, आणि थंडीत ती लावून घेतली जाते. पिवळ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, आणि रक्त त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने धरून ठेवतं. ज्योत दुरुस्त होईपर्यंत खिडकी उघडी ठेवावी.

आता घरोघर विजेचे छोटे ओव्हनही येऊ लागले आहेत, आणि तक्रार एकच असते: पाककृतीत लिहिलेल्या वेळेत केक होत नाही. इथे हवेऐवजी व्होल्टेज पाहावं. ओव्हनची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३०ऐवजी १८० व्होल्ट येत असेल तर उष्णता पाऊणही नव्हे, सुमारे ६१ टक्के मिळते. शेतीपंप सुरू असतानाच्या वेळी केक बसका होतो तो अनेकदा यामुळे. व्होल्टेज ठीक असूनही गडबड असेल तर ओव्हनचा काटा खोटं बोलतो का हे साखरेने तपासता येतं. साखर सुमारे १८६ अंशांवर वितळते. वाटीत चमचाभर साखर घालून ओव्हन आधी १७५वर पंधरा मिनिटं ठेवावा. साखर दाणेदारच राहायला हवी. मग दुसरी चमचाभर घेऊन १९५वर ठेवावा. आता ती वितळायला हवी. पहिल्याच वेळी वितळली तर ओव्हन दाखवतो त्यापेक्षा जास्त तापतो, दुसऱ्या वेळीही वितळली नाही तर कमी. फरक कळला की काटा तेवढा मागेपुढे ठेवून केक करावा, आणि तपासलेली साखर थंड झाल्यावर चहात घालावी.